पिस्तूल कोणाच्या हातात राहणार?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वडप्याला आमच्या गटाची महिन्याची बैठक होती. पंधरा-सोळा जणी जमल्या होत्या. बहुतेक आसपासच्या गोदामांत पॅकिंगला, माल निवडायला जाणाऱ्या. काही यंत्रमागाच्या कारखान्यात कांडी भरणाऱ्या, दोघी-तिघी शेतमजूर. विषय रेशनकार्डाचा होता. तेवढ्यात मागे बसलेली एक जण उठली आणि म्हणाली, "ताई, रेशन राहू द्या. मला बंदुकीचा अर्ज कसा करायचा तेवढं सांगा. लहान नको, मोठं पिस्तूल पाहिजे. एका गोळीत माणूस आडवा झाला पाहिजे."

कोणी हसले नाही. कारण चार दिवसांपूर्वी काय झाले ते सगळ्यांना ठाऊक होते. रात्री साडेदहाला पाळी सुटल्यावर ती महामार्गाच्या कडेच्या रस्त्याने पाड्याकडे चालली होती. मोटारसायकलवरून दोघे आले. एकाने हात धरला. तिने डबा त्याच्या तोंडावर मारला, ओरडली, मागून एक ट्रक आला म्हणून ते पळाले. तक्रार द्यायला गेली तर "एवढ्या रात्री एकटी कशाला फिरतेस?" हा प्रश्न तिलाच विचारला गेला आणि कागदावर काही उतरले नाही. कंपनीच्या माणसाने सांगितले, "गेटच्या बाहेरचं आम्ही बघत नाही."

तेव्हा ती पिस्तूल मागत होती त्यात नवल काय? आणि ती एकटी नाही. अलीकडे शिकल्यासवरल्या बायकाही सभांमधून विचारतात, "प्रत्येकीला शस्त्र का देत नाही?" पुढारी भाषणात म्हणतात, "आमच्या बहिणींनी आता हातात शस्त्र घ्यावे." २०१३ च्या जानेवारीत मुंबईत शिवसेनेने बायकांना चाकू वाटले. २०१४ च्या जानेवारीत सरकारच्या कानपूरच्या शस्त्रनिर्माण कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. दिल्लीच्या त्या मुलीला लोकांनी निर्भया म्हटले होते, त्या नावावरून हे नाव. दागिन्याच्या डबीसारख्या डबीत घालून ते विकायला ठेवले. जी मुलगी मेली तिच्या नावावर हत्यार खपवायचे, आणि तेही दागिन्यासारखे! या डबीतच आपल्या व्यवस्थेचे सगळे शहाणपण भरलेले आहे.

या मागणीला आमचा विरोध आहे. पण तो "बाईच्या हाती बंदूक शोभत नाही" म्हणणाऱ्यांचा विरोध नव्हे. बाईला नेम धरता येत नाही असेही आम्ही म्हणत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाच्या नेमबाजीत सुवर्णपदक मिळवले, तेजस्विनी सावंत २०१० साली रायफलमध्ये जगज्जेती झाली. बाईने हल्लेखोराला मारू नये असेही आमचे म्हणणे नाही. बलात्काराचा, अपहरणाचा, ॲसिड फेकण्याचा हल्ला होत असेल तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत प्रतिकार करण्याचा अधिकार कायद्याने आपल्याला दिलेला आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम १०० मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. हा अधिकार प्रत्येकीने पाठ करावा. आमचा सवाल वेगळा आहे. ते पिस्तूल वडप्याच्या बाईला मिळेल का? मिळाले तर वेळेला तिच्या हातात असेल का? आणि हातात नसेल तेव्हा ते कोणाच्या हातात असेल?

आधी हिशेब मांडू

'निर्भीक'ची सुरुवातीची किंमत होती सुमारे १ लाख २२ हजार रुपये. वजन अर्धा किलो, बोअर .३२, म्हणजे लहानच. आमच्या गटातल्या बाईच्या हाती महिन्याला दहा-बारा हजार पडतात. म्हणजे वर्षभर चूल बंद ठेवली तर एक रिव्हॉल्व्हर येईल.

आमच्या मैत्रिणीला तर मोठे पिस्तूल हवे होते. सैन्य आणि पोलिस जी काडतुसे वापरतात ती ज्यात बसतात अशी हत्यारे, उदाहरणार्थ ९ मिलिमीटरचे पिस्तूल, .३८ चे रिव्हॉल्व्हर, कायद्याने निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. त्यांचा परवाना जिल्ह्याच्या ठिकाणी मिळत नाही, तो केंद्र सरकारच्या अखत्यारीत असतो. म्हणजे मोठे पिस्तूल हा मोठ्यांचाच मामला आहे.

बरे, लहान तर लहान. शस्त्र कायदा १९५९ चा. परवाना शहरात पोलिस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी. वय २१ पूर्ण पाहिजे. अर्ज, ओळखीचे व राहण्याचे पुरावे, पोलिसांची चौकशी, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरी ते कुलूपबंद ठेवण्याची सोय. भाड्याच्या खोलीत, दहा बाय बाराच्या जागेत, कुठले कपाट आणि कुठले कुलूप?

त्यातली गंमत पहा. चौकशीत विचारतात, "तुम्हाला धोका कोणापासून? पूर्वी तक्रार केली आहे का?" म्हणजे जी तक्रार लिहून घेतली गेली नाही, तिचाच कागद पिस्तुलाच्या अर्जाला जोडायचा! ज्या बाईची तक्रार कोणी घेत नाही तिला परवाना मिळणार नाही. ज्या बाईच्या तक्रारीची दखल लगेच घेतली जाते तिला पिस्तुलाची गरज तेवढी राहत नाही.

आणि निवडणूक आली की परवान्याची हत्यारे पोलिस ठाण्यात जमा करून घेतली जातात. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा. आपल्याकडे निवडणुकांना काय तोटा? हात धरणारे मात्र आचारसंहिता पाळत नाहीत.

मग वापरून पाहू

समजा, सगळे पार पडले. पिस्तूल हातात आले. आता ते हत्यार म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण सिनेमात ते कोणी सांगत नाही.

मोठ्या बोअरच्या पिस्तुलाचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना म्हणजे अमेरिकेचे .४५ चे कोल्ट. १९११ साली अमेरिकन सैन्याने ते स्वीकारले. त्यामागचा इतिहास असा की फिलिपिन्समधल्या मोरो लोकांनी अमेरिकनांविरुद्ध लढा दिला तेव्हा लहान गोळी लागूनही माणसे चालून येत. म्हणून मोठी गोळी हवी झाली. दुसऱ्याच्या देशात जाऊन तिथल्या लोकांना आडवे करायला घडवलेले हे हत्यार आहे. रिकामे असताना त्याचे वजन १ किलोच्या वर. गोळी सुमारे १५ ग्रॅमची, .३२ पिस्तुलाच्या गोळीच्या तिपटीहून जड.

अर्धस्वयंचलित म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप नळीत येते, घोडा मात्र दर वेळी ओढावा लागतो. पण पहिली गोळी नळीत आणायला वरचा भाग जोराने मागे खेचावा लागतो. त्याला दोन हात लागतात. आमच्या मैत्रिणीचा एक हात त्या माणसाने धरलेला होता! आधीच गोळी नळीत घालून पिशवीत ठेवावे, तर डब्याशेजारी, पाण्याच्या बाटलीशेजारी, घरी गेल्यावर पोराच्या हाताशी ते भरलेले हत्यार राहणार. धक्का सोसायची, अडकलेली गोळी काढायची, अंधारात घाबरलेल्या अवस्थेत नेम धरायची सवय वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. पाळीवरून येऊन भाकऱ्या थापणाऱ्या बाईला तो सराव करायला वेळ कोण देणार, आणि काडतुसांचे पैसे?

गोळी चुकली तर ती थांबत नाही. आमच्याकडे दोन खोल्यांच्या मध्ये कुठे पत्रा असतो, कुठे प्लायवूड. पलीकडे शेजारणीचे लेकरू झोपलेले असते.

आणि सगळ्यात साधी गोष्ट. गोदामाच्या गेटवर आत जाताना, बाहेर येताना झडती होते. पिशवी उघडायला लावतात, काही ठिकाणी मोबाइलसुद्धा बाहेर ठेवावा लागतो. तिथे पिस्तूल घेऊन कोण सोडणार? मग ते ठेवायचे कुठे? घरी. म्हणजे रात्री साडेदहाला त्या रस्त्यावर बाईचे हात रिकामेच, आणि हत्यार घरी.

आणि घरी कोण असते?

इथे खरा प्रश्न सुरू होतो. बाईवरचा हल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंधारा रस्ता आणि अनोळखी माणूस येतो. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मालक, मित्र. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या दर शंभरांपैकी एकोणतीस बायकांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण चौघींत एक. हा सांगितलेला आकडा, न सांगितलेल्या वेगळ्या.

या घरात आलेले पिस्तूल बाईचे राहील? परवान्यावर नाव तिचे असेल. सातबाऱ्यावर नाव असले म्हणून शेत तिचे होते का? सरपंचपदाच्या खुर्चीवर नाव तिचे, शिक्का नवऱ्याच्या खिशात, हे आपण गावोगाव पाहिले. ज्या घरात बाईचे एटीएम कार्डसुद्धा तिच्याकडे राहत नाही तिथे सव्वा लाखाचे पिस्तूल तिच्या उशाखाली राहील असे समजणे भाबडेपणाचे आहे.

अमेरिकेत घरोघरी बंदुका आहेत. १९८९ साली तिथल्या एका बड्या कंपनीने खास बायकांसाठी 'लेडीस्मिथ' नावाची रिव्हॉल्व्हरे काढली, एकट्या राहणाऱ्या बाईच्या भीतीवर जाहिराती बेतल्या गेल्या. तिथल्या बायका सुरक्षित झाल्या? जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा शहरांतला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. मारझोड करणाऱ्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून होण्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो, असे त्यात दिसले. उलट दक्षिण आफ्रिकेने २००० साली बंदुकांवर कडक कायदा केला, आणि १९९९ ते २००९ या काळात नवऱ्याने वा जोडीदाराने गोळी घालून केलेले बायकांचे खून तिथे लक्षणीय कमी झाले. बंदुका कमी झाल्यावर बायका जगल्या, हे लक्षात घ्या.

आपल्या जिल्ह्याकडेच पहा ना. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिल लाइन पोलिस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वेळच्या एका आमदाराला अटक झाली. वाद जमिनीचा. सहाच दिवसांनी दहिसरला एका माजी नगरसेवकाचा चालू चित्रीकरणात गोळ्या घालून खून झाला. त्यातले पिस्तूल मारणाऱ्याच्या नावावर नव्हतेच, परवाना त्याच्या अंगरक्षकाचा होता. परवाना एकाचा, बोट दुसऱ्याचे. यात बाईच्या रक्षणाचा संबंध कुठे आहे? जमीन, पैसा, वर्चस्व, यांच्यासाठी पुरुषांच्या हातात पिस्तुले आहेत. लग्नाच्या वरातीत आणि हॉटेलच्या टेबलावर ती दाखवायला काढली जातात. परवाने सैल करा अशी मागणी आपण बायकांच्या नावाने केली, तर एक पिस्तूल बाईकडे येईल आणि शंभर त्यांच्याकडे जातील.

हत्यारबंद रक्षक आपण पाहिले आहेत

हत्याराने रक्षण होते, तर सगळ्यात सुरक्षित जागा पोलिस ठाणे असायला हवी. १९७२ साली देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर जो अत्याचार झाला त्यात आरोपी पोलिसच होते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. पुढच्या वर्षी चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले, १९८० साली देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. आपली चळवळ त्यातून उभी राहिली आहे. तेव्हा आपल्यातल्या कोणी मथुरेसाठी बंदूक मागितली नव्हती. बंदूक ज्यांच्याकडे होती त्यांना जाब विचारला होता.

कोणी म्हणेल, नागपूरचे काय? १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला न्यायालयातच मारले. वर्षानुवर्षे त्याने वस्तीला छळले होते, तक्रारींचा उपयोग होत नव्हता. त्यांच्या हातात काय होते? भाजी चिरायच्या सुऱ्या आणि तिखटाची पूड. खटल्यातल्या आरोपींची २०१४ साली पुराव्याअभावी सुटका झाली. त्या बायकांचा संताप आम्हाला समजतो, पण त्या दिवसाचा आम्ही उत्सव करणार नाही. एका वस्तीतल्या बायकांना तिथपर्यंत जावे लागले, कारण त्याआधीची प्रत्येक तक्रार वाया गेली होती. या घटनेचा धडा सुरीचा नाही, वाया गेलेल्या तक्रारींचा आहे.

तिसरी आठवण आपल्या घरची, जुन्या ठाणे जिल्ह्याची. तलासरी, डहाणू, उंबरगावच्या वारली बायकांवर सावकार-जमीनदार हक्क सांगत. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा लग्नगडी व्हायचा आणि त्याची बायकोही मालकाची मालमत्ता ठरायची. बंदुका मालकाकडे होत्या, पोलिसही मालकाचे. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभेबरोबर वारली उठले. गोळीबारात माणसे मेली, तरी एकजूट मोडली नाही. लग्नगडी मुक्त झाले, वेठ संपली. मालकाच्या बंदुकीला दुसरी बंदूक उत्तर म्हणून आली नव्हती. कामावर जायचेच नाही, असे सगळ्या पाड्यांनी मिळून ठरवले होते.

मग बाईने काय करायचे?

बैठकीत आम्ही हे सगळे बोललो तेव्हा ती मैत्रीण म्हणाली, "ते सगळं खरं ताई. पण उद्या रात्री साडेदहाला मी हातात काय धरू?"

हा प्रश्न टाळून लिहिलेला कोणताही लेख खोटा ठरेल. म्हणून त्या रात्री उशिरापर्यंत बसून आम्ही पिस्तुलाऐवजी कायद्याची पाने उघडली.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७, कलम १३. हा कायदा लागू असेल तिथे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी, तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडण्याची गाडी हवी. म्हणजे "गेटबाहेरचं आम्ही बघत नाही" हे वाक्यच कायद्याविरुद्ध होते! एका गाडीचा खर्च वाचवला गेला आणि त्याची किंमत आमच्या मैत्रिणीने मोजली. ठेकेदारामार्फत लागलेल्या बाईचा मूळ मालक आपण नाही असे कंपनी म्हणते, तिला कायदा दाखवायचा.

२०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती पाहिजे. ठेक्यावरची, रोजंदारीची बाईसुद्धा या कायद्यात येते, आणि मालकाने दिलेल्या वाहनातला प्रवासही. समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते.

आणि हात धरणे हा किरकोळ प्रकार नाही. न्याय संहितेच्या कलम ७४ खाली तो गुन्हा आहे. अशा गुन्ह्याची खबर लिहून न घेणाऱ्या पोलिसाला कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी आहे. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही अकरा जणी या कलमांचा कागद घेऊन गेलो. आदल्या वेळी जे लिहून घेता येत नव्हते ते पाऊण तासात लिहून झाले.

पाळी सुटल्यावर आता बायका गेटवर एकमेकींसाठी थांबतात आणि टोळीने निघतात. गाडी अजून मिळालेली नाही, त्यासाठी भांडण चालू आहे. हे आम्ही फुशारकीने सांगत नाही. टोळीने चालणे हे गाडीचे काम नव्हे. पण हा उपाय उद्या रात्री हाताशी होता. त्याला परवाना लागत नाही, आणि तो नवऱ्याला काढून घेता येत नाही.

सख्यांनो, जरा आजूबाजूला पहा. माजिवडा ते वडपे रस्ता आठ पदरी करण्यासाठी पैसा आहे. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये आमण्यापर्यंत खुला झाला, त्यालाही पैसा होता. मालाची गाडी इथून नागपूरपर्यंत सुसाट जाऊ शकते, आणि तो माल डब्यात भरणारी बाई दोन किलोमीटरवरच्या पाड्यात सुखरूप पोचू शकत नाही. जिथे तिला अडवले त्या वळणावर दिवा नव्हता. अशा वेळी सरकार आणि पुढारी आपल्याला म्हणतात, शस्त्र घ्या. याचा अर्थ नीट समजून घ्या. याचा अर्थ असा की तुमचे रक्षण आमच्याच्याने होणार नाही, तुमच्या पगारातून तुम्हीच ते विकत घ्या. पिस्तूल घेतले नाही तर दोष तुमचा, घेतले आणि चालवता आले नाही तर दोष तुमचा, चालवले तर खटलाही तुमच्यावर.

आम्ही हा सौदा नाकारतो. रस्त्यावर दिवे, पाळीला गाडी, प्रत्येक गोदामात समिती, ठाण्यात तक्रार नोंदवणारा माणूस, मारझोडीचा गुन्हा असलेल्या पुरुषाचा शस्त्रपरवाना तात्काळ रद्द, या आमच्या मागण्या आहेत. आपापल्या भागात हा प्रश्न निघाला असेल तर आम्हाला लिहा. पिस्तूल मागणाऱ्या बाईला गप्प बसवू नका, तिच्याशी बोला. तिने मागितलेले हत्यार चुकीचे असेल, तिचा राग मुळीच चुकीचा नाही.

ती मैत्रीण अजून पूर्ण पटली आहे असे नाही. परवा म्हणाली, "गाडी येईपर्यंत मी डबा स्टीलचाच ठेवणार, जड." ठेव बाई, जरूर ठेव. गाडी मात्र आपण सगळ्या मिळून आणू.